रात्री हाताला मुंग्या येतात? ऑपरेशन कोणते, आणि दहा वर्षांनी हात काय म्हणतो?



दौंड स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत आमच्या आत्याबाई राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत गँगमन होते. आत्याबाईंनी उभा जन्म हाताच्या जोरावर काढला. दिवसभर लोकांच्या उसात खुरपणी, सकाळ-संध्याकाळ दोन म्हशींची धार आणि घरी सात माणसांच्या भाकरी. पन्नाशी ओलांडली आणि त्यांचा उजवा हात रात्री जागू लागला. होय, जागू लागला! रात्री दोनच्या सुमारास बोटांत मुंग्या येत, आग होई, हात जड होई. मग त्या उठून बसत आणि हात झटकत. झटकला की बरे वाटे. पुन्हा पडल्या की पुन्हा तेच.

वस्तीतल्या बायका म्हणाल्या, "वारं भरलंय." कोणी म्हणाले, करणी आहे. कोणी देवऋषाचा पत्ता दिला. त्या काळात आत्याबाईंच्या मनगटाला काळा दोरासुद्धा बांधला गेला. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या अंधारातून बाहेर काढले, तो अंधार दुखण्याच्या निमित्ताने असा मागच्या दाराने घरात येतो! या दोऱ्यात दीड वर्ष गेले. तोवर अंगठ्याखालचे मांस बसले होते. चहाचा कप हातातून निसटे, सुईत दोरा ओवता येत नसे. अखेर पुण्याच्या एका सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. आज त्याला तेरा वर्षे होत आली.

हे सारे आता सांगण्याचे कारण आमची शिरूरची भाची. वय एकतीस. रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. पाळीभर हवेच्या बंदुकीने स्क्रू बसवायचे. गेल्या हिवाळ्यात ती आमच्याकडे आली आणि पिशवीतून एक छापील कागद काढून म्हणाली, "मामा, माझा पण हात आजीसारखा झालाय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा. ह्या कागदावर लिहिलंय, सोनोग्राफीत बघून करतात, टाका नाही, कापाकापी नाही. पैसे लई सांगतात. बचत गटातनं कर्ज काढू का?"

प्रश्न एका भाचीचा नव्हता. खुरपे, विळा, पाना आणि बंदूक धरणाऱ्या प्रत्येक हाताचा होता. आम्ही वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले आणि एका रविवारी भाचीला घेऊन दौंडला आत्याबाईंकडे गेलो. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

मनगटातला बोगदा

या आजाराचे डॉक्टरी नाव कार्पल टनेल सिंड्रोम. टनेल म्हणजे बोगदा. दौंडच्या माणसाला बोगदा समजावून सांगायला नको! आपल्या तळहाताच्या मुळाशी लहान लहान हाडांची एक कमान आहे. तिच्यावर पुढच्या बाजूने एक जाड, चिवट पट्टा आडवा ताणलेला असतो. हाडे आणि पट्टा यांच्यामध्ये जो बोगदा उरतो, त्यातून दहा गोष्टी जातात. नऊ म्हणजे बोटे मिटवणाऱ्या दोऱ्या, ज्यांना डॉक्टर स्नायुरज्जू म्हणतात. दहावी म्हणजे मधली नस, मीडियन नर्व्ह.

बोगदा हाडाचा आणि पट्टा चिवट. आत जागा वाढत नाही. दोऱ्यांवरचे आवरण सुजले की दाब येतो तो सर्वांत मऊ असलेल्या नसेवर. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देते. म्हणून मुंग्या याच बोटांत येतात. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, त्यामुळे करंगळी बहुधा सुटते. हीच मोठी खूण आहे. झोपेत मनगट दुमडले जाते, दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री अधिक.

घरी एक साधी परीक्षा करता येते. दोन्ही तळहातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटे जमिनीकडे करा आणि मनगटे दुमडून एक मिनिट तसेच राहा. त्या साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरकडे जायलाच हवे. अमेरिकेतील डॉ. जॉर्ज फॅलन यांनी १९५०च्या दशकात ही परीक्षा रूढ केली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पक्के निदान करण्यासाठी नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. मनगटाची सोनोग्राफी केली तर दाबलेली नस सुजलेली दिसते.

कोणाला होतो?

पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, आणि चाळीस ते साठ या वयात जास्त. मधुमेह, थायरॉईडचा कमीपणा, संधिवात आणि जास्त वजन असलेल्यांना धोका अधिक. गरोदरपणात अंगावर सूज आल्यानेही होतो, पण बाळंतपणानंतर तो बहुधा आपोआप ओसरतो.

आणि काम? जोर लावून तीच तीच हालचाल, वाकडे मनगट, थरथरणारे हत्यार, या तिन्हींनी धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची जी सुधारित यादी केली, तिच्यात या आजाराचे नाव अशाच कामांच्या संदर्भात घातले आहे. आता आपल्या दोन तालुक्यांकडे पाहा. ऊसतोड आणि खुरपणी, गुऱ्हाळावरची कामे, कांद्याची काटणी, हाताने धार काढणे, रेल्वेच्या रुळावर खडी ठोकणारी यंत्रे आणि रांजणगावच्या असेंब्ली लाइन. हा आजार आपल्या घरात न आला तरच नवल!

प्रत्येकाला चाकू लागत नाही

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. मुंग्या आल्या की लगेच ऑपरेशन, असे नाही. त्रास नवा असेल, अधूनमधून होत असेल, तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा (स्प्लिंट) किमान सहा आठवडे बांधतात. अनेकांना एवढ्यानेच आराम पडतो. साखर आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. मूळ तिथे असेल तर औषध तिथलेच घ्यावे लागते. बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काही आठवडे किंवा महिने बरे वाटते, पण पुष्कळांचा त्रास पुढे परततो.

मग ऑपरेशन केव्हा? पट्टा आणि इंजेक्शन करूनही रात्र जागून निघत असेल, बोटे दिवसाही बधिर राहत असतील, वस्तू हातून पडत असतील, किंवा अंगठ्याखालचे मांस बसू लागले असेल तर. या शेवटच्या खुणेला तर एक दिवसही दवडू नये. का, ते पुढे येईलच.

तीन वाटा, एकच मुक्काम

ऑपरेशन कोणतेही असो, काम एकच. तो आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा करायचा. पट्टा कापला म्हणून हात निकामी होत नाही. कापलेल्या टोकांमध्ये हळूहळू नवी पेशी भरते आणि बोगदा आधीपेक्षा रुंद राहतो.

मनगटात नस दाबली जाते हे इंग्लंडच्या सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली नोंदवले होते. पट्टा कापून नस मोकळी केल्याची माहिती जेम्स लर्मंथ यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली. ही झाली पहिली वाट, उघडे ऑपरेशन. तळहाताच्या मुळाशी काही सेंटीमीटरचा छेद घेतात, डोळ्यांनी पाहून पट्टा कापतात आणि टाके घालतात. हल्ली हा छेद आणखी लहान घेतात. फक्त हात बधिर करतात. काम बहुधा पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.

दुसरी वाट दुर्बिणीची. ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये डॉ. ओकुत्सू आणि अमेरिकेत डॉ. चाऊ यांनी पुढे आणली.

तिसरी वाट भाचीच्या कागदावरची. आपल्या बायाबापड्यांना सोनोग्राफी म्हणजे पोटाची तपासणी, एवढेच ठाऊक. पण तेच यंत्र मनगटावर ठेवले की पडद्यावर नस, रक्तवाहिनी, दोऱ्या आणि पट्टा सारे हलताना दिसते. जपानच्या डॉ. नाकामिची आणि डॉ. ताचिबाना यांनी सोनोग्राफीच्या मदतीने केलेल्या ऑपरेशनची माहिती १९९७ साली प्रसिद्ध केली. पुढे तंत्र सुधारत गेले. आता काही मिलिमीटरच्या भोकातून बारीक आकडीसारखी सुरी आत घालतात आणि पडद्यावर नस सांभाळत पट्टा कापतात. काही डॉक्टर सुईने दोरा ओवून त्या दोऱ्यानेच पट्टा चिरतात. भोक इतके लहान की बहुधा चिकटपट्टी पुरते. आपल्या देशातही मोठ्या शहरांत काही मोजके डॉक्टर हे करतात.

यात मेख एकच, ती म्हणजे हाताची सवय. पडद्यावर पाहून काम करायला बराच सराव लागतो. नस किंवा रक्तवाहिनी दुखावणे, किंवा पट्टा अर्धवट कापला जाणे, हे धोके थोडे का होईना तिन्ही वाटांवर आहेत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, "साहेब, अशी किती ऑपरेशने केलीत?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही. हात आपला आहे!

वर्षांनंतर काय?

आता मुख्य प्रश्न. आज बरे वाटले, पण पुढे काय? हे मोजायला डॉक्टरांकडे एक प्रश्नावली आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात तयार झालेली ही प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात त्रासाविषयी अकरा आणि कामाविषयी आठ प्रश्न आहेत. रात्री किती वेळा जाग येते? शर्टाची गुंडी लावता येते का? भांड्याचे झाकण उघडते का? पिशवी उचलते का? म्हणजे जे प्रश्न आपण आत्याबाईंना विचारू, तेच!

उघड्या ऑपरेशनची दीर्घ मुदतीची माहिती पुष्कळ आहे. बोस्टनच्याच डॉक्टरांनी आपल्या जुन्या रुग्णांना सरासरी तेरा वर्षांनी पुन्हा गाठले आणि २०१३ साली निष्कर्ष छापले. ११३ रुग्णांपैकी सुमारे ८८ टक्के लोक पूर्ण किंवा खूप समाधानी होते. पुन्हा ऑपरेशन लागले ते केवळ दोघांना. एवढे जुने आणि एवढे स्वस्त ऑपरेशन, आणि तेरा वर्षांनी हा निकाल!

सोनोग्राफीच्या वाटेचे वय लहान आहे. बहुतेक अभ्यास वर्ष-दोन वर्षांचे आणि थोडे त्याहून पुढचे. ते सांगतात की आराम लवकर पडतो आणि पडलेला आराम टिकतो. पुन्हा ऑपरेशनची वेळ थोड्यांवरच येते. पण दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहिल्या की फरक दिसतो तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत. सोनोग्राफीच्या रुग्णांना तळहात कमी दुखतो आणि ती माणसे लवकर कामाला लागतात. काही महिने उलटले की फरक पुसट होतो आणि वर्षअखेरीस दोन्ही हात जवळजवळ सारखेच.

थोडक्यात, महाग वाटेने तुम्ही लवकर पोचता. पण मुक्कामाचे गाव एकच!

मग दहा वर्षांनंतरचा हात कशावर ठरतो? वाटेपेक्षा तो वेळेवर ठरतो. नस किती दिवस दाबली गेली होती, त्यावर. रात्रीच्या मुंग्या बहुधा काही दिवसांतच जातात. बधिरपणा सावकाश जातो, कारण नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. पकडीचा जोर यायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तळहाताच्या बुडाशी दाबले की दुखते, ते पुष्कळांना तीन ते सहा महिने राहते. पण बसलेले मांस मात्र पुष्कळदा पूर्ण भरत नाही.

आत्याबाईंनी त्या दिवशी हात पुढे केला. तळहातावर बारीक पांढरी रेघ, तीही शोधावी लागली. भाचीने विचारले, "आजी, रात्री जाग येते?" त्या म्हणाल्या, "हात फाडला त्या राती जी झोपले, ती अजून त्या हातानं उठवलं न्हाई." पण गुंडी लावायला त्या आजही डावा हात घेतात. अंगठ्याखालचा खड्डा तसाच आहे. त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे त्या दोऱ्याचं देणं, पोरी. दीड वरीस बांधला व्हता." ऑपरेशन फसले नव्हते. उशीर झाला होता.

रोजंदारीचा हिशेब

आता पैशांकडे येऊ. उघड्या ऑपरेशननंतर हलकी कामे काही दिवसांत होतात. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. जड कामाला चार ते सहा आठवडे थांबावे लागते. ज्याला पगारी रजा आहे, त्याला हे आठवडे जड नाहीत. ज्याचे पोट रोजावर आहे, त्याला प्रत्येक दिवस मोजावा लागतो.

भाची ठेकेदाराकडे असली तरी तिच्या पगारातून ईएसआय कापली जाते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी ही मर्यादा २०१७ पासून आहे. २०१९ पासून कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. या कार्डावर उपचार तर होतोच, शिवाय सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. आपल्या किती पोरींना हे ठाऊक आहे? भाचीलाही नव्हते. कार्ड घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडून होते!

हा हक्क कोणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अडारकरांचा अहवाल तयार झाला. त्या पायावर १९४८ साली कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. ते कार्ड पेटीत ठेवायचे नसते.

ज्यांच्याकडे हे कार्ड नाही, त्यांनी शिरूरच्या ग्रामीण किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे आणि तिथून पुण्याच्या ससूनची चिठ्ठी मागावी. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे. आणि हे विचारावे दाखल होण्याआधी!

तरीही एक सल मनात राहतेच. लवकर कामाला लागण्याची गरज सर्वांत जास्त कोणाला? कांदा काटणाऱ्या बाईला, उसाच्या फडातल्या जोडीला. तिला ना रजा, ना कार्ड. आणि लवकर उभी करणारी वाट मात्र खाजगी दवाखान्यात, तिच्या ऐपतीबाहेर. सोनोग्राफीचे यंत्र तर सरकारी रुग्णालयांतही असते. गर्भलिंग निदानाच्या १९९४च्या कायद्याने त्याची नोंदणी आणि हिशेब ठेवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. त्या कायद्याची शिस्त पाळूनही हाडांच्या डॉक्टरांना हे तंत्र शिकवता येईल. आपल्या लोकप्रतिनिधींकडे हे मागणे आपण लावून धरले पाहिजे.

भाचीने काय ठरवले?

तिने कर्ज काढले नाही. दौंडहून परतताना गाडीतच म्हणाली, "मामा, आजीचा हात तेरा वर्षं टिकलाय. मग मी व्याज कशाला भरू?" ईएसआयच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन तिने लहान छेदाचे उघडे ऑपरेशन करून घेतले. सहा आठवडे घरी राहिली. रजेचे पैसे मिळाले, पण फेऱ्या माराव्या लागल्या. ठेकेदाराने आधी तोंड वाकडे केले आणि मग तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवले. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. तळहात टेकून उठताना अजून कळ येते. डाव्या हातालाही थोडी सुरुवात आहे, कारण हा आजार पुष्कळांना दोन्ही हातांना होतो. पण या खेपेस पट्टा वेळेवर बांधला गेला आहे.

उद्या तिच्या जागी कार्ड नसलेली, एकटी कमावणारी बाई असती आणि तिला सोनोग्राफीचे ऑपरेशन परवडणाऱ्या दरात मिळाले असते, तर आम्ही तिला तेच घे म्हणून सांगितले असते. वाट ज्याच्या त्याच्या हिशेबाने निवडावी. पण निघावे वेळेवर!

घरातील भगिनींसाठी चार गोष्टी

रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते, ही खूण अंगावर काढू नका. झोपताना मनगट दुमडून उशाखाली घेऊ नका.

खुरप्याची, विळ्याची मूठ फार बारीक असेल तर कापड गुंडाळून जाड करा. चादरी पिळण्याचे काम घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

करंगळीसह सगळा हात बधिर होत असेल, मानेतून कळ येत असेल, तर आजार दुसरा असू शकतो. आणि हात-पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर ते मनगटाचे दुखणे नव्हे. तासभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठा.

आणि मनगटाला दोरा बांधायची कोणी भाषा केली, तर त्याला आत्याबाईंचा अंगठा दाखवा. हात दाखवायचा तो डॉक्टरला!

जयभीम.